काकांची प्लास्टिकची रीड

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे
९ नोव्हेंबर २०२५

ती. सर्जेरावकाकांस,
उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर बोलायला तुम्हाला डॉक्टरांची मनाई, आणि मेसेज तुम्ही न वाचताच अंगठा पाठवता. परवा मी विचारलं की गिळताना अजून दुखतं का, तर अंगठा. यातून मी काय समजायचं? म्हणून ही जुनी वाट धरली. उत्तर हाताने लिहावं लागेल, अंगठा चालणार नाही.

बाळ छान आहे. पण रक्तदाबामुळे डॉक्टरबाईंनी मला बाळंतपण होईपर्यंत पलंगावरच राहायला सांगितलं आहे. प्रवास नाही, जिने नाहीत, आणि क्लॅरिनेट तर नाहीच. विक्रमने त्यांना विचारलं की हलकंसं वाजवलं तर चालेल का, तर त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो अजून त्या नजरेतून बाहेर आलेला नाही.

म्हणजे काका, एकवीस डिसेंबरला आपल्या बँडच्या अमृतमहोत्सवात सुरुवातीचा भूप मी वाजवू शकत नाही. हे लिहिताना फार वाईट वाटतं आहे. आबा आजोबांनी बँड उभा केला तेव्हापासून पहिला सूर आपल्या घरातला. आधी ते, मग तुम्ही. तुम्ही रेडिएशनचे शेक घेऊन आलात आणि मला पुढे केलंत, म्हणून मी तयार झाले. आता ती जागा परत तुमची आहे.

तुमच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं आहे की वाजवायला हरकत नाही, दमलात की थांबा. अडचण एकच, तोंडाला लाळ नाही. क्लॅरिनेटच्या तोंडाला लावलेली बोरूची पातळ रीड ओली असते तोवरच गाते, आणि तुमच्या तोंडात ती बघता बघता कोरडी पडते. म्हणून सोबतच्या डबीत एक कृत्रिम रीड पाठवते आहे. सरळ सांगायचं तर प्लास्टिकची. तिला पाणी लागत नाही, लाळ लागत नाही. लावायची आणि फुंकायची. रागवा, पण एकदा फुंकून मग रागवा.

काकूंना नमस्कार. लोभ आहे तसाच असू द्या, पथ्य मात्र वाढवा.

आपली,
उत्कर्षा


लोणी काळभोर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. उत्कर्षा हिस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू पलंग सोडायचा नाही, हे पहिलं. बँड काय, पंच्याहत्तर वर्षं चालला, पुढेही चालेल. विक्रमरावांना सांग, काकूने नाचणीचं सत्त्व करून ठेवलंय, येऊन घेऊन जावा.

डबी काकूनेच उघडली. तिने विचारलं, ही कशाची हाय. मी म्हटलं, खरी रीड केनची असते, ही नकली. तिला वाटलं केन म्हणजे आपला ऊस. म्हणाली, मग इतकी वर्षं परदेशातनं कशाला मागवत होता, आपल्या बांधाला काय कमी हाय का! शेवटी तिला सांगितलं की हा ऊस नव्हं, पूर्वी लिहायला ज्याची लेखणी करायचे तो बोरू. तरी तिचं म्हणणं, एकदा उसाची करून बघायला काय हरकत होती.

आता तुझ्या रीडचं. बोरू पाण्याकाठी वाढतो. कापला, वाळवला, तासला, तरी तोंडातला ओलावा मिळाला की परत जागा होतो. कधी रुसतो, कधी थंडीत आखडतो, काचेच्या तुकड्याने जरा खरवडला की पुन्हा बोलायला लागतो. त्याच्याशी माझं जन्मभर जमलं. प्लास्टिकला रुसताच येत नाही, त्याच्याशी काय जमवायचं? दिवाळीत तू ओसरीवर वाजवलीस ती प्लास्टिकचीच होती. दुसऱ्या सुराला मला कळलं. बोललो नाही, कारण वाईट नव्हती. पण वाईट नसणं वेगळं आणि आबांचा भूप वेगळा.

आणखी एक. गावात सगळ्यांना एवढंच माहीत आहे की माझ्या दाढेचं ऑपरेशन झालं. त्या आजाराचं नाव मी कुणापुढे घेतलेलं नाही, घेणार नाही. नाव घेतलं की माणसं पाठीला हात लावून बोलायला लागतात. कार्यक्रमाला पंचक्रोशीतले सगळे वाजवणारे येणार. माझ्या हातात ती रीड बघितली की पहिला प्रश्न हाच, सर्जेराव, तुम्ही बोरू का सोडला? मग काय सांगू? दाढ?

इंद्रजीतला, म्हणजे आता बँड तोच सांभाळतो, सांगून टाकतो की माझं जुनं रेकॉर्डिंग स्पीकरवर लाव.

तू जिवाला लावून घेऊ नको. काकाची माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझा,
सर्जेरावकाका


बिबवेवाडी
२२ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

नाचणीचं सत्त्व पोहोचलं. विक्रमने त्यात गुठळ्या केल्या, मी त्या खाल्ल्या. संसार सुरळीत आहे.

काका, दाढ काढायला कुणी रोज पुण्याला खेपा घालत नाही. गावाला केव्हाच कळलं असेल. तुम्हाला कळू नये म्हणून ते लपवत आहेत आणि त्यांना कळू नये म्हणून तुम्ही. चालू द्या.

पण एक आठवण देते. मी नववीत होते, तुम्ही मला बँडच्या गणवेशात पहिल्यांदा मिरवणुकीत उभी केलीत. त्याआधी आपल्या बँडमध्ये मुलगी नव्हती. माझ्या बाबांना लोक येऊन विचारत होते की लेकीला वरातीत पिपाणी वाजवायला पाठवणार का. बाबा डगमगले. तुम्ही मात्र शिंप्याकडून माझा कोट आणलात, त्याची बटणं स्वतः घट्ट केलीत आणि बाबांना म्हणालात की लोक विचारतात ते विचारू द्या, तिचा पंचम सरळ लागतो की नाही तेवढं मला बघायचंय. त्या दिवशी मला किती उंच झाल्यासारखं वाटलं होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. एरवी ऑफिसात पन्नास माणसांपुढे उभी राहते तेव्हा तो कोट अंगात असल्यासारखा वाटतो.

आता लोक तुम्हाला विचारतील म्हणून तुम्ही घरात बसणार असाल, तर तेव्हा मला का नाही बसू दिलंत?

विमलआत्या तुमच्याकडे राहायला येते आहे. सहज येते आहे असं सांगेल. तिने आजवर सहज काही केलेलं नाही, हे तुम्ही जाणताच.

राग आला तर लिहा, नाही आला तर वाजवा. मी दोन्हीची वाट पाहते आहे.

आपली,
उत्कर्षा


लोणी काळभोर
५ डिसेंबर २०२५

चि. सौ. उत्कर्षास,
विमलआत्याचे आशीर्वाद.

इथे येऊन आठवडा झाला. तुझ्या तुळजाकाकूच्या हातचं पिठलं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही, पण तू हेर म्हणून पाठवलं आहेस तेव्हा सांगते.

तुझा काका रोज चार वाजता मोटर बघायला जातो. आपल्या विहिरीवर मोटर आहे आणि ती घरातल्या मोबाइलवरून सुरू होते, हे तो विसरला असावा. जाताना क्लॅरिनेटची पेटी घेऊन जातो, हेही मोटरसाठीच असेल. तुळजा मला डोळ्याने दाबते, म्हणते बोलू नका वन्सं, बोललात तर जायचे बंद होतील. म्हणून मी गप्प आहे. मला किती जड जातं, तुला माहीत आहे.

काल मीच उसाच्या कडेने जाऊन मोटरखोलीमागे उभी राहिले. सूर निघत होता. मग मध्येच बकरी ओरडल्यासारखं काहीतरी झालं आणि थांबलं. बाटलीतलं पाणी प्यायल्याचा आवाज. परत सुरू, परत बकरी. असं बराच वेळ. मग कसलीशी डबी उघडल्याचा आवाज आला. मी निघणार तेवढ्यात पुन्हा सूर आला तो वेगळाच होता. जरा जास्त चकचकीत, नव्या स्टीलच्या भांड्यासारखा. पण तुटला नाही. लांबच लांब गेला. शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या बाया हात थांबवून उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, मोटर कशी आहे. म्हणाला, बरी आहे, पण आवाज बदललाय.

जेवताना तो भाकरीचे बारीक तुकडे ताकात बुडवून हळूहळू गिळतो. चेहऱ्यावर काही दाखवत नाही. लहानपणी त्याला विंचू चावला तेव्हाही असाच बसला होता. मी बघते आणि तुळजाला उगाच मिठावरून बोलते.

तू वेळेवर गोळ्या घे. विक्रमला सांग, गुठळ्या चाळणीने गाळता येतात. माझा लोभ आहे, तो गोड शब्दांत लिहायची मला सवय नाही.

विमलआत्या


लोणी काळभोर
१२ डिसेंबर २०२५

चि. सौ. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

लिहायला वेळ झाला. शेतात मोटरीचं काम निघालं होतं.

इंद्रजीत आला होता. त्याला सांगितलं की स्पीकर राहू दे, मी बघतो. त्याने लगेच कार्यक्रमपत्रिकेत नाव टाकलं. आता ते परत काढता येत नाही, काढलं तर चर्चा जास्त.

तुझी ती वस्तू बघितली. फुंकर लागताच उत्तर देते, बोरूसारखा विचार करत नाही. वरच्या सुरांत जरा उद्धट आहे. खालचा षड्ज मात्र भरून येतो. काचेने खरवडली तर चालते का, की मोडते? केलं नाही अजून. पण वाजवीन तर बोरूवरच वाजवीन, आबांचा भूप आहे. सुरुवातीपुरती ओली राहिली तरी निभेल. शेजारी पाण्याची वाटी ठेवणार आहे.

तू लिहिलेलं कोटाचं वाचलं. दोनदा वाचलं. आता माझा जुना कोट उन्हात टाकायला उठतो.

तुझा,
काका


लोणी काळभोर
२२ डिसेंबर २०२५

चि. सौ. उत्कर्षास,
आशीर्वाद.

रात्री विक्रमने फोनवर विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं की बरं झालं. फोनवर मला जमत नाही. आता नीट लिहिते.

शाळेचं मैदान भरलं होतं. जुने वाजवणारे पुढच्या रांगेत, काही तर काठी टेकत आलेले. आबांचा फोटो हार घालून मंचावर. तुझ्या काकाने बँडचा जुना कोट घातला होता, तो आता त्याला खांद्यावर सैल होतो. खुर्चीवर बसला, शेजारी पाण्याची वाटी. बोरूची रीड वाटीत बुडवून लावली आणि सुरू केलं.

सुरुवात फार सुंदर झाली. आबांचाच आवाज. मग अंतऱ्याच्या आधी सूर बारीक व्हायला लागला, घासायला लागला आणि चिरकला. त्याने थांबून वाटीत बुडवली, पुन्हा लावली. चार सूर, पुन्हा चिरका. मैदानात एक पोरगं हसलं, त्याला कुणीतरी दाबलं. इंद्रजीत हळूच स्पीकरकडे निघाला. काकाने मान न वळवता हात वर केला. इंद्रजीत जागेवर थांबला.

मग त्याने सगळ्यांसमोर, काहीही घाई न करता, माउथपीसची पट्टी सैल केली, बोरूची रीड काढून रुमालात ठेवली आणि खिशातून तुझी डबी काढली. रीड बसवली, पट्टी आवळली. आणि मला वाटलं होतं की आता वाजवेल, तर तो माइककडे वाकला.

त्याचा आवाज तुला माहीत आहे, फाटलेला. तो म्हणाला की मंडळी, मला दाढेचा त्रास नव्हता, मला कॅन्सर होता. शेक घेतल्यापासून तोंडात लाळ नाही, म्हणून बोरू माझ्या तोंडात जगत नाही. ही रीड प्लास्टिकची आहे. माझ्या पुतणीने पाठवली. आज इथे बसायचा मान तिचा होता, ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते, पण तिच्या घरी पाहुणा यायचा आहे. तोवर मी वाजवतो. रीड नवी आहे, भूप जुना आहे, सांभाळून घ्या.

आणि वाजवला. पूर्ण वाजवला, उत्कर्षा. संथ आलापापासून शेवटच्या तिहाईपर्यंत कुठेही तुटला नाही. तो चकचकीतपणा होता, नाही म्हणत नाही, पण थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा झाला. फक्त आपला सर्जा ऐकू येत होता. संपल्यावर पुढच्या रांगेतले म्हातारे काठ्या टेकून उठून उभे राहिले. मग अख्खं मैदान उठलं.

मी अनोळखी माणसांशी बोलत नाही, पुण्यात पन्नास वर्षं तशीच काढली. पण शेजारच्या बाईला मी, तिने काही विचारलं नसताना, सांगितलं की तो माझा धाकटा भाऊ आहे. मग मागच्या रांगेतल्या बाईलाही सांगितलं.

पुढच्या आठवड्यात परत येते. दार उघडायला तू उठायचं नाहीस, किल्ली माझ्याकडे आहे.

विमलआत्या


लोणी काळभोर
३० डिसेंबर २०२५

चि. सौ. उत्कर्षास,
काका आणि काकूचे अनेक आशीर्वाद.

विमलअक्काने तुला सगळं लिहिलं असणार, आणि थोडं वाढवूनच. मी माझ्या बाजूचं लिहितो.

आधी बोरू का लावला, तर आबांच्या फोटोसमोर आयुष्यभराची सवय सोडवेना. तो चिरकला तेव्हा मात्र मनात आलं, आता हे सगळे मनात एकच गोष्ट म्हणत असतील, सर्जेराव संपला. आणि त्यापेक्षा मला आजार झाला हे सांगणं सोपं वाटलं. एवढंच झालं. धीर वगैरे काही नव्हता. नाव घेतल्यावर कुणी पाठीला हात लावला नाही. उलट पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी खाली उतरल्यावर मला घेरलं आणि भांडायलाच लागले की प्लास्टिकचा वरचा गंधार टोचतो. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तासभर आम्ही रीडवर भांडलो. टोचतो हे खरंच आहे, आपल्यात म्हणून सांगतो.

रीड आता माझी. परत मागू नको. बोरूच्या सगळ्या मी नीट पुसून तुझ्यासाठी बाजूला ठेवल्यात. बाळंतपण झाल्यावर दोन्ही वाजव आणि तुझं तू ठरव. मी काय म्हणतो ते विचारायचं नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची आहे. परवा मांजरी गावाहून दिग्विजय नावाचा एक माणूस मोटरसायकलवर आला. ओळख ना पाळख. कार्यक्रमाला होता म्हणे. त्याच्या बायकोचा, नम्रताचा, शेक नुकताच संपलाय. ती जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, घरच्यांनी बाहेर दुसरंच काहीतरी सांगितलंय. मैदानात मी बोललो ते त्याने तिला घरी जाऊन सांगितलं. तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली की त्यांना विचारून या, ते जेवतात कसे.

मग मी त्याला चुलीपाशी बसवलं. क्लॅरिनेट काढलीच नाही. भाकरी ताकात किती वेळ भिजवायची, डाळ किती पातळ ठेवायची, उशाला पाणी कसं ठेवायचं, जिभेला काय चालतं आणि काय झोंबतं, सगळं दाखवलं. तुझी काकू मध्ये मध्ये मला दुरुस्त करत होती. त्याने सगळं ऐकलं आणि काल फोन करून सांगितलं की नम्रताने अर्धी भाकरी खाल्ली.

आयुष्यात पुष्कळ टाळ्या घेतल्या, उत्कर्षा. त्या अर्ध्या भाकरीने फुगली तेवढी छाती कशानेच फुगली नव्हती.

तब्येतीला जप. तुझ्यावर होता तेवढाच जीव आहे, आता त्यात आणखी एकाची भर पडू दे.

तुझा,
सर्जेरावकाका