देव वगळून ध्यान

३ मार्च
हिच्या गळ्यातली गाठ काढायची ठरली. थायरॉइडची. सर्जनबाई म्हणाल्या, काढून तपासायला पाठवू, मग कळेल कसली आहे ते. ‘कसली’ म्हणताना किंचित थांबल्या. ऑपरेशन एकोणीस तारखेला. ही म्हणाली, बरं. मी बाहेर पाणी प्यायला गेलो, ते जरा जास्त वेळ प्यालो.
रिक्षातच ठरवलं. या काळात घरात एका माणसाने तरी पूर्ण शांत राहायला हवं. तो माणूस मी. उद्यापासून ध्यान. पण शंभर टक्के वैज्ञानिक. देव नाही, जप नाही, उदबत्तीचा धूर नाही. फक्त श्वास आणि मज्जासंस्था. मी कारखान्यात दाबमापकं तपासतो. ज्याचं माप घेता येत नाही ते माझ्या टेबलावर येत नाही.

४ मार्च, सकाळ
पलंगाच्या कडेला ताठ बसलो. श्वास आत, श्वास बाहेर. उत्तम सुरुवात. नंतर गाठ. पुन्हा श्वास. पुन्हा गाठ. ब्लडप्रेशरच्या मशीनवर आधी आणि नंतर माप घेतलं. नंतरचं जास्त आलं. मशीन खराब आहे.

५ मार्च
मशीन कारखान्यात नेऊन प्रमाणित गेजशी ताडून पाहिलं. दुर्दैवाने अचूक आहे.
निष्कर्ष: ध्यानामुळे माझी संवेदनशीलता वाढली आहे. चांगलं लक्षण.

७ मार्च
अक्काचा फोन. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. हिच्यासाठी रोज प्रार्थना करते, शिवाय शेजारपाजारच्या बायकांनाही बसवलंय म्हणे. मी विचारलं, अर्ध्या पेशंटांसाठी प्रार्थना आणि अर्ध्यांसाठी नाही, असा प्रयोग करून पाहिलायस का? ती म्हणाली, मग त्या उरलेल्या अर्ध्यांनी काय पाप केलंय? या माणसांशी बोलणं अवघड आहे. मग मी तिला दीर्घ श्वास, हृदयाची गती आणि त्यांचा संबंध सविस्तर समजावून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, घाबरलायस होय रे?
रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला.

९ मार्च
ही सकाळी चहा झाल्यावर खिडकीशी स्टुलावर डोळे मिटून बसते. वर्षानुवर्षं बसत असावी. आज पहिल्यांदा लक्षात आलं. विचारलं, काय करतेस? म्हणाली, बसलेय. कुठली पद्धत? म्हणाली, बसायची. देव वगैरे मनात असतो का? म्हणाली, कोणी असलं तर बरंच आहे, नसलं तरी इथे वारा छान येतो.
शास्त्रीय पाया शून्य. तिला श्वासावरचा एक लेख छापून दिला. तिने त्यावर कोथिंबीर निवडली.

१२ मार्च
कारखान्यात किरकोळ घटना. बॉयलरचं एक गेज मी पास केलं होतं. वाफ बंद केली तरी त्याचा काटा शून्यावर येत नव्हता. साहेबांच्या नजरेस वेळेवर पडलं म्हणून, नाहीतर आतला दाब कुणाला कळलाच नसता. साहेब ओरडले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, ऑपरेशन होईपर्यंत रजा घ्या.
माझ्या साधनेची दखल आता वरपर्यंत घेतली जातेय. पूर्ण वेळ ध्यानाला देता येईल.
जेवलो नाही. ध्यानी माणसाला भूक कमी लागते.

१५ मार्च
आज खोल अवस्थेच्या अगदी जवळ पोचलो होतो. तेवढ्यात हिने कपात चमचा ढवळला. मी ओरडलो. शांततेचं महत्त्व पटवून द्यायला थोडा आवाज चढवावा लागतो. ही चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, अहो, माझा आवाज जाऊ शकतो, माहीत आहे का तुम्हाला?
माहीत नव्हतं. गाठीला लागूनच आवाजाची नस जाते. सर्जनबाईंनी त्या दिवशी सगळं समजावलं होतं. मी तेव्हा पाणी पीत होतो. बारा दिवस ती हे एकटीच मनात घेऊन फिरतेय आणि मी तिला लेख छापून देतोय.
तिला लगेच श्वासाचं तंत्र सांगायला घेतलं. ती म्हणाली, ते राहू द्या, नुसता हात धरा. धरला. तिने थोड्या वेळाने माझा हात पुसायला टॉवेल दिला.

१९ मार्च, सकाळ, हॉस्पिटल
हिला आत नेण्याआधी तयारीच्या खोलीत घेतलंय. जाताना म्हणाली, डब्यात पोळ्या आहेत, खाऊन घ्या. ऑपरेशन कोणाचं आहे?
योजना: पॅसेजमधल्या खुर्चीवर, ऑपरेशन संपेपर्यंत अखंड ध्यान. डोळे मिटले. नर्स येऊन विचारून गेली, काका, चक्कर येतेय का? पुन्हा मिटले. ती व्हीलचेअर घेऊन आली.

१९ मार्च, थोड्या वेळाने
पॅसेजच्या टोकाला प्रार्थनेची खोली आहे. कुठल्याच धर्माची नाही, नुसत्या सतरंज्या आणि एक दिवा. नर्सपासून सुटका म्हणून आत शिरलो. तर आत सर्जनबाई! हिरवी टोपी घालून, मांडी घालून, डोळे मिटून!
औषधांवर भागत असतं तर या इथे कशाला आल्या असत्या? म्हणजे केस हाताबाहेर गेली आहे. हे मी मनात म्हणालो असं मला वाटलं. बाईंनी डोळे उघडले, त्याअर्थी मोठ्याने म्हणालो असणार.
त्या म्हणाल्या, मी प्रत्येक ऑपरेशनच्या आधी बसते, साधं अपेंडिक्स असलं तरी. मी विचारलं, देवासाठी की श्वासासाठी? म्हणाल्या, ते ठरवायचं राहूनच गेलं. मी म्हणालो, आणि नाही बसलात तर हात थरथरतात? म्हणाल्या, छे, हात कशाने थरथरतील, वीस वर्षं झाली. नाही बसले तर घरी जाऊन मुलांवर ओरडते.
नमुना एकच. तुलनेला दुसरा गट नाही. असा पुरावा मी ग्राह्य धरत नाही. त्या उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्ही बसा आता, मी जाते तिच्याकडे.

१९ मार्च, दुपार
अजून आत आहे. जास्त वेळ लागतोय. का लागतोय ते कोणी सांगत नाही.
श्वास सापडत नाही. आत घेतला की तिथेच अडकतो. शेवटी निव्वळ प्रयोग म्हणून काही शब्द उच्चारले. कोणाला उद्देशून नव्हे. ‘हिला परत दे’ एवढेच. बरेच वेळा. व्याकरणाच्या दृष्टीने ‘दे’ म्हटलं की देणारा कोणीतरी लागतो. त्याचा विचार नंतर करू.

१९ मार्च, संध्याकाळ
बाहेर आली. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. सर्जनबाई म्हणाल्या, काहीतरी बोला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, पोळ्या खाल्ल्या का?
आवाज आहे. मी खाल्ल्या म्हणालो. खाल्ल्या नव्हत्या.

२४ मार्च, सकाळ
रिपोर्ट आला. गाठ साधी होती. काहीही वाईट नाही. हिने कागद घडी घालून ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसली.
मी लगेच अक्काला फोन लावला. हे यश शस्त्रक्रियेचं आणि काही अंशी माझ्या साधनेचं आहे, प्रार्थनेशी त्याचा संबंध नाही, हे तिला आजच स्पष्ट करायला हवं होतं. वाक्य तयार होतं. अक्का म्हणाली, बोल रे. वाक्य आलं नाही. घशातून एक वेगळाच आवाज आला. ते रडणं नव्हतं. साठलेला दाब एकदम सुटला की कुठल्याही झडपेतून असा आवाज येतो. अक्का घाबरून म्हणाली, काय झालं? गेली का रे?
मी कसाबसा म्हणालो, हो, गेली. गाठ असं म्हणायचं राहिलं. फोन ठेवला, कारण पुढे बोलता येईना.
आता खूप हलकं वाटतंय. दुपारी फोन बंद करून सलग ध्यान.

२४ मार्च, संध्याकाळ
मी ध्यानात असल्याने दार हिनेच उघडलं. बाहेर भाड्याची जीप. अक्का, भावजी, दोन्ही भाचे आणि त्यांच्या बायका. सगळ्यांचे डोळे सुजलेले. गळ्याला पट्टी बांधलेली ही दारात उभी बघून अक्का मटकन पायरीवरच बसली. भावजी उलटे फिरून जीपकडे निघाले. हिला वाटलं, पाहुणे आलेत, पाणी विचारायला हवं.
खुलासा झाल्यावर अक्काने हिला घट्ट मिठी मारली आणि रडली. मग माझ्याकडे वळली. बावन्न वर्षांच्या माणसाचा कान पिरगळू नये असा कुठे नियम नाही. ही हसायला लागली. हसायची मनाई आहे, टाक्यांवर हात दाबून हसत होती, थांबेचना. मग सगळेच हसले. मीही हसलो असं भाचे सांगतात.
स्वयंपाक हिला करू द्यायचा नाही म्हणून आठ माणसांचा भात मी लावला. खाली लागला. अक्काने खरवडून वाढला.
आजचं संध्याकाळचं ध्यान होऊ शकलं नाही. बेडरूममध्ये भावजी घोरतायत आणि पातेली मला घासायची आहेत.