खिडकीजवळची खुर्ची

४ फेब्रुवारी, मंगळवार

आले बाई एकदाची! घर लागलं, आमच्या लेकीला, मुंगीला, शाळा मिळाली आणि आज माझी डॉक्टरची नोकरीही सुरू झाली. इमर्जन्सी विभाग लहानसा आहे, सहाच कॉट, पण टापटीप अशी की कशाला हात लावायचा धीर होईना.

मोठ्या सिस्टरनी सगळं फिरून दाखवलं. मोठ्या माणसाचा निखळलेला सांधा बसवायचा असला की इथे दोन औषधांची जोडी देतात. केटामाइनने दुखणं कळत नाही, पण माणसाला भलतंसलतं दिसतं. प्रोपोफॉलने गाढ झोप लागते, पण श्वास आणि रक्तदाब खाली येतो. दोन्ही थोडं थोडं दिलं की एकाचा व्रात्यपणा दुसरं आवरतं. म्हणजे आमच्या नवरा-बायकोसारखंच की, असं मी म्हटलं. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, तरीही श्वास कधी थांबेल याचा नेम नाही, म्हणून एक जण फक्त मॉनिटरवरची श्वासाची रेघ बघत उभा राहतो. हाड बसवणारा वेगळा.

आणखी एक रीत आहे. औषध देण्याआधी रुग्णाला विचारायचं, आत्ता तुम्हाला कुठे असायला आवडेल? तो सांगेल त्या जागेबद्दल त्याच्याशी बोलत राहायचं, म्हणजे भुलीत घाबरत नाही. जागा त्याची त्यानेच सांगायची, आपण सुचवायची नाही, हे सिस्टरनी दोनदा बजावलं. मी हो हो म्हटलं.

घरी आले तर नवऱ्याने सगळी खोकी फोडून ठेवलेली. मुंगी सहा वर्षांची, ती खोक्यात बसून राहिली. तिला तेच घर आवडलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला रुग्ण रंगारी, शिडीवरून पडून खांदा निखळलेला. कुठे जायचंय म्हणून विचारलं तर बिचारा कण्हतच होता, त्याला काय सुचणार! बाहेर चार जण खोळंबलेले. शेवटी मीच सांगितलं: डोळे मिटा, एक स्वयंपाकघर आहे, ऊन आलंय, पिवळा टेबलक्लॉथ आहे, चार खुर्च्या आहेत, बसा एखादीवर. आमचंच स्वयंपाकघर, दुसरं कुठलं तोंडात येणार? लहान मुलासारखा झोपला. खांदा खट्कन बसला. उठल्यावर म्हणाला, मस्त वाटलं बुवा तिथे.

१० फेब्रुवारी, सोमवार

आता मी सगळ्यांना आमच्याच स्वयंपाकघरात पाठवते. वेळ वाचतो. सिस्टरना कळलं आणि त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन चांगलं झापलं. दुसऱ्याला आपल्या घरात का बसवता, म्हणाल्या. मला रागच आला. औषधाचा असर आहे, घर कसलं नि काय!

दुपारी एक शिक्षिकाबाई होत्या, घोटा निखळलेला. जाग आल्यावर म्हणाल्या, खिडकीजवळची खुर्ची डुगडुगते, पायाखाली कागद घाला. आणि टेबलाखालची मुलगी गोड आहे.

खुर्ची खरंच डुगडुगते. मुंगी खरंच टेबलाखाली बसते. पण मी यातलं काहीच बोलले नव्हते. बोलले असेन. दिवसभर तोंड चालूच असतं माझं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज जीव जायची वेळ आली होती. एक ट्रक ड्रायव्हर, आडदांड माणूस, खुबा निखळलेला. त्यालाही मी सवयीने आमच्याच खुर्चीवर बसवलं. मिनिटाभराने श्वासाची रेघ सपाट झाली. मी लगेच मास्क लावून श्वास देणारा फुगा दाबत राहिले. दीड मिनिट. मग आला श्वास. माझा जीव भांड्यात पडला.

उठल्यावर मात्र तो आपले हात उलटसुलट करून बघत राहिला. हे कुणाचे, असं त्याने अगदी सभ्यपणे विचारलं. बायकोला ओळखेना. तिला अहो-जाहो करतोय. आमच्या विभागाचे बॉस म्हणाले, भूल उतरायला वेळ लागतोय, उद्या होईल ठीक.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ठीक झालेला नाही. मेंदूचा स्कॅन स्वच्छ आहे. जेवतो, चालतो, गोड हसतो. त्याची बायको मला जिन्यात गाठून म्हणाली, डॉक्टर, हा कुणी दुसराच दिलात तुम्ही मला. मला तिच्याकडे बघवेना.

घरी आले तर मुंगीने टेबलावर चार ताटल्या मांडलेल्या. आम्ही तिघं. चौथी कुणाची म्हणून विचारलं. म्हणाली, खिडकीजवळच्या काकांची. ते रडतात. त्यांना दार सापडत नाही. दिसतात कसे, विचारलं. म्हणाली, खूप मोठे, आणि हातात हिरवं कडं.

ड्रायव्हरचं हिरवं कडं भूल देण्याआधी मीच काढून त्याच्या सामानाच्या पाकिटात घातलं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बॉसना म्हटलं, त्याला पुन्हा भूल द्या, मी त्याला परत बोलावते. दोन दिवस सुट्टी घ्या म्हणाले. ड्रायव्हरला आज घरी सोडलं.

चूक माझी आहे. बसा म्हटलं मी. उठा असं कुणालाच म्हटलं नाही. बाकीचे आपले आपण परतले, याचा मात्र श्वास तिथेच थांबला.

रिकाम्या खुर्चीला तासभर सांगत बसले, उठा, दार डावीकडे आहे. मुंगी म्हणाली, आई, त्यांना तुझं ऐकू येत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, याचंच रडू आलं. म्हणाला, एवढंच ना, ती खुर्चीच टाकून देऊ. वेडा माझा. मी नको म्हटलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

खुर्ची खाली नेताना नवरा जिन्यावरून पडला. खांदा. मुंगीला शेजारच्या काकूंजवळ ठेवून त्याला इथे, आमच्याच विभागात आणलंय. नातेवाईकांनी आत थांबायचं नाही, असा नियम. मी डॉक्टर आहे म्हटलं, तरी नाही. जोडी देऊ नका, नुसता खांदा सुन्न करा, म्हणून ओरडले. बॉसनी मला दंडाला धरून बाहेर बसवलं. तुमची मनःस्थिती ठीक नाही, म्हणाले.

पाठकोऱ्या फॉर्मवर लिहितेय. हात थांबला तर मी किंचाळेन.

अकरा वाजता

मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. खूश होत्या. म्हणाल्या, काळजी करू नका, मी स्वतः रीतीने विचारलं त्यांना, कुठे जायचंय. लगेच सांगितलं हो त्यांनी. आमचं स्वयंपाकघर म्हणाले.

मी दारावर डोकं आपटलं —

सव्वा अकरा

श्वास थोडा वेळ थांबला होता म्हणे. आता छान आहे. सगळे छान म्हणतायत.

साडेअकरा

मला आत सोडलं. जागा आहे. हात उलटसुलट करून बघतोय. मला म्हणाला, तुम्ही रडू नका.

तुम्ही. दहा वर्षांत कधी —

काकूंचा फोन. मुंगी हट्ट करून घरी गेली, काकू तिच्याबरोबर आहेत. तिला दिला. म्हणाली, आई, बाबा आले, पण काकांशेजारी जमिनीवर बसलेत. काकूंना दिसत नाहीत. माझ्याशी बोलत नाहीत. नुसते दाराकडे बघून मान हलवतायत, नाही नाही म्हणून —

दार उघडू नकोस, म्हटलं. कुणालाही. फोन कटला की काय —

कॉटवरचा उठून बसलाय. हात झोळीत, तरी बूट घातले. विचारतो, मुलीचं वय काय. गोड आवाज. नवऱ्याचाच. मी सांगितलं नाही. सिस्टरना हाक मारली. त्या म्हणाल्या, बघा, किती लवकर सावरले —

फोन इथेच ठेवला होता. कागदाशेजारी —

कॉट रिकामी. पडद्यापलीकडे माझ्याच फोनवर बोलतोय. हळू, लाडात. मुंगे, बाबा निघालाय. काकूंना घरी पाठव. तू दार —