दारावरचा कडुलिंब

मंगळवार, नांदूरघाट

सुनंदाकडं गेलते. तिची पोर गोवरानं गेली, तरी दारावरची कडुलिंबाची डहाळी अजून तशीच. ती बांधली की बाहेरच्यानं आत जायचं नसतं, म्हणून पोर आजारी असताना तिच्या सासूनं मला, गावच्या आशाताईला, दारातूनच परतवलं. लस तर त्याआधीच नको म्हणाली होती.

आज सुनंदानंच हाताला धरून आत नेलं. "तुमच्या मोबाइलला इचारायचं हाय." लसीच्या शंकांना बोलून उत्तर देणारा चॅटबॉट लावून दिला. कशाला दिला मी?

"लस दिली असती तर माझी पोर वाचली असती का?"

त्यानं उलट विचारलं, "बाळ किती महिन्यांचं आहे?"

"नऊ."

"योग्य वेळ आहे. उद्याच घेऊन या."

मी झटकन बंद केला. निघताना डहाळीला हात लागला, वाळलेला पाला गळला.

मागून सुनंदा म्हणाली, "कशापायी बंद केलं, ताई? परत लावा. तिला उद्या घेऊन या म्हणलं ना ते."