ईशानची शेवटची किक

रविवार, संध्याकाळ. ओसाकाहून परतताना, शिनकान्सेन बुलेट ट्रेनमध्ये.

ईशान हरला. म्हणजे टीम हरली, पण शेवटची किक त्याची होती. चार वर्षं तो टोकियोच्या कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळला. दर मॅचला मला बोलवायचा, मी दरवेळी ऑफिसचं कारण सांगायचे. आज त्याची शेवटची मॅच, म्हणून न सांगता गेले. घाईत तिकीट काढलं, ते नेमकं ओसाकावाल्यांच्या स्टँडमधलं निघालं.

ईशानने मारलेला बॉल दोन खांबांच्या मधून जायच्याऐवजी बाहेरून गेला आणि माझ्याभोवती सगळे उड्या मारायला लागले. शेजारच्या आजींनी आनंदानं माझा हात धरला. मी तो सोडवून का घेतला नाही? उलट हसले. ती किक मारणारा माझा मुलगा आहे, हे त्यांना कसं सांगणार होते? पण हसले कशाला?

मॅचनंतर तो गेटपाशी दिसला. डोळे लाल. मला बघून थबकला. एरवी माझ्याशी जपानीत बोलतो, आज मराठीत म्हणाला, "आई, तू बघितलंस?"

"हो रे."

"एवढंच बघितलंस," तो म्हणाला आणि टीमच्या बसकडे निघून गेला.

चिडला असता तर बरं झालं असतं.