शिफ्ट बदलून घेतली त्या दिवशी

अण्णा, बुधवारपासून मला भीती वाटते आहे आणि ती सांगायला घरात कुणी नाही. ह्यांना सांगावं तर तेही घाबरलेले आहेत. तुम्ही असतात तर आधी मला चांगलं झापलं असतं, मग चहा टाकायला लावला असता, आणि निम्मं ओझं तिथेच उतरलं असतं.

मी पुन्हा शिकते आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. डिप्लोमा करून चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागले ते तुम्ही पाहिलंत; आता नोकरी सांभाळून डिग्री करते. लेक लहान आहे. शाळा सुटली की ती चऱ्होलीत आमच्याच सोसायटीतल्या काकूंच्या पाळणाघरात असते. हेही शिफ्टवाले, त्यामुळे घरात नियम एकच: ज्याची फर्स्ट शिफ्ट, त्याने संध्याकाळी लेकीला आणायचं. अभ्यास, सबमिशन, परीक्षा, सगळ्याचं वेळापत्रक मी रंगीत पेनांनी करून फ्रीजवर लावलंय. मैत्रिणी त्याचे फोटो काढून नेतात आणि मी फुशारक्या मारते.

दहावीलाही असंच एक स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं होतं. तुम्ही थर्ड शिफ्ट करून आलेले, डोळे लाल, पाटावर बसून पोहे खाताय. आदल्या संध्याकाळी माझा जादा क्लास होता आणि आई घाबरून मला गल्लोगल्ली शोधून आली होती. "भिंतीवर लिहिलंय की," मी म्हणते. तुम्ही बशी खाली ठेवता. "भिंतीला सांगून काय उपयोग? भिंत येणाराय का तुला हुडकायला? आईला तोंडानं सांगत जा." त्यानंतर दर आठवड्याला तुमची शिफ्ट बदलली की तुम्ही आम्हाला समोर बसवायचात आणि कोण कुठे, कधी जाणार ते एकेकाकडून वदवून घ्यायचात. मला त्याचा भारी वैताग यायचा.

बुधवारी संध्याकाळी परीक्षा होती. माझी सेकंड शिफ्ट, म्हणून एका मैत्रिणीशी बदलून फर्स्ट घेतली. ह्यांना म्हटलं, "बुधवारी मला फर्स्ट आहे." बस, एवढंच. परीक्षा फ्रीजवर लिहिलेली होती, म्हणजे सांगितलीच असं मी धरून चालले. ह्यांचीही त्या आठवड्यात फर्स्टच, तेव्हा रोजच्यासारखे हेच आणतील. आणि ह्यांनी मनाशी धरलं की बायकोने लेकीसाठीच शिफ्ट बदलून घेतली असणार, मग आपण ओव्हरटाइम करू. त्यांचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये, माझा परीक्षेच्या वर्गाबाहेर बॅगेत.

पेपर देऊन बाहेर आले तर स्क्रीनभर काकूंचे मिस्ड कॉल. उलट लावला तर फोन बंद. निगडीच्या परीक्षा केंद्रावरून गाडी कशी हाणली ते मला नीट आठवत नाही. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले तेव्हा हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने रडत होते, हे आठवतं. पोचले तर पाळणाघराला कुलूप. ते मी दोनदा ओढून पाहिलं.

"ताई, घाबरू नका, काकूंनी वर घरी नेलीय," वॉचमन म्हणाला. काकूंच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं, एवढंच. लेक त्यांच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली, पायात बूट, पाठीला दप्तर, समोर गार झालेली खिचडी. "कवाची अशीच बसलीया," काकू म्हणाल्या. "बूट काढ म्हनलं तर न्हाई म्हनती. आई आली की उशीर व्हईल म्हनती."

अजून दोन पेपर आहेत. ते मी देणार आहे, सोडणार नाही. पण आता कामावर हातात पार्ट मोजायचं गेज असतं आणि मध्येच मनात येतं, आज तिला आणायची पाळी माझी तर नाही? सुपरवायझरला सांगून बाहेर येते, फोन लावते, काकू म्हणतात, आहे गं बाई, खेळतीय. मग थोडा वेळ बरं वाटतं, आणि पुन्हा तेच.

त्या दिवशी जिन्यात तिने माझं बोट धरलं आणि विचारलं, "आई, माझी शिफ्ट कधी सुटते?" काकू दारात उभ्या होत्या, म्हणून मी हसले. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, अण्णा? ते राहील माझ्यापाशीच. तिने नंतर दोनदा तेच विचारलं, आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला.