स्थानिक पालक म्हणून केलेली सही

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

मी, मनकर्णाबाई भ्रतार बद्रीनाथ फरकाडे, वय वर्षे चोपन्न, शिक्षण मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार पदमपुरा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बीपीची एक गोळी सोडली तर मला आजार नाही. काय लिहिते आणि कशासाठी लिहिते, ते मला कळते. वकिलांनी छापील नमुना दिला होता, पण त्यात माझे म्हणणे मावेना. म्हणून कलमे त्यांची आणि मजकूर माझा, असे ठरले. ह्याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला मूलबाळ नाही. पती बद्रीनाथ सन १९९१ मध्ये वारले.

कलम १. सिल्लोड तालुक्यातील गावची दीड एकर जमीन पतीच्या मागे माझ्या नावावर झाली. ती पुतण्या सांडू फरकाडे यास देते. कसतो तो, म्हणून जमीन त्याची. शहरातल्या घरात मात्र त्याने वाटा मागू नये. दहाव्याच्या दिवशी, पिंडाला अजून कावळा शिवायचा होता, तेव्हा ह्याने मला बाजूला घेतलं. "काकू, घराचे कागद कुठं ठेवलेत?" मी म्हटलं, "कावळ्याला विचार." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. जमीन बोलण्यावर ठरत नसते म्हणून देते.

कलम २. पितळेची भांडी, शिलाई मशीन आणि देव्हारा. शेजारीण मालनबाईला मोठं पातेलं द्यायचं होतं, पण ह्या कागदावर तिची साक्ष आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले. म्हणून ते परवाच तिच्या घरी पोचवलं. बाकी भांडी व मशीन गरजू बाईला द्यावे. देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक इथल्या सातारा गावच्या देवळात नेऊन ठेवावा, विकू नये. बद्रीनाथांची हत्यारांची पेटी, त्यातल्या मापाच्या पट्ट्यांसह, मुंजाबाला द्यावी. मुंजाबा कोण, ते पुढे लिहिते.

कलम ३. पतपेढीतली ठेव. माझ्या दिवसांना त्यातून खर्च करावा, पण बुंदी करू नये. वरण-भात-भाजीत माणसाचे पोट भरते. उरेल ते घराच्या डागडुजीला लावावे.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. मुंजाबा हा माझ्या धाकट्या बहिणीचा, सरूबाईचा मुलगा. गावाकडून शहरात शिकायला येणाऱ्या मुलाला स्थानिक पालक लागतो, फॉर्मवर त्याची सही लागते. आमच्या नात्यागोत्यात सही करणारी बाई मी एकटी. गावची पोरं फॉर्म घेऊन रांगेनं माझ्याकडं यायची. सात मुलांची मी स्थानिक पालक होते. सहीखाली "मॅट्रिक पास" असंही लिहायची, कोणी विचारलेलं नसताना. त्या सातांत मुंजाबा शेवटचा. सन १९८५ ला तो डिप्लोमाला लागला. माझ्या वरच्या दोन खोल्या तेव्हा भाड्याने होत्या. भाचा आला तर भाडं बुडेल, म्हणून मी त्याला वसतिगृहात घातलं. लोकांना सांगितलं, तिथं अभ्यास चांगला होतो.

फेब्रुवारी १९८७ मध्ये रेक्टरसाहेबांनी मला बोलावलं. कॉलेजचं आणि त्यांचं नाव लिहीत नाही. टेबलावर मुंजाबाची वही होती, कोणीतरी त्याच्या गादीखालून काढून आणून दिलेली. त्यात त्याने खोलीतल्या दुसऱ्या मुलाबद्दल लिहिलं होतं. तो मुलगा वैजापूरकडचा. त्याचंही नाव लिहीत नाही. वडिलांनी त्याला जीपमध्ये घालून नेलं आणि त्याच उन्हाळ्यात लग्न लावलं, आता त्याला लेकरं आहेत आणि हा कागद दहा हातांत जाईल. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच वाचा." मी दोन ओळी वाचल्या. "आज त्याचा पेपर होता. मी शेंगा सोलून वाटीत ठेवल्या, आला की आयत्या खाईल." एवढंच. मी घाईनं वही मिटली, ते खरं. पण त्याच वेळी असंही मनात आलं की शंभर वर्षं संसार केला तरी माझ्याबद्दल अशी ओळ कोणी लिहायचं नाही. बद्रीनाथ भले होते. पगार हातात आणून देत. वाईट बोलले नाहीत, आणि दुसरंही काही बोलले नाहीत.

साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "असले प्रकार आम्ही वसतिगृहात ठेवू शकत नाही. कॉलेजातही नाही. पण मुलाचं वाटोळं व्हायला नको. दाखल्यावर आम्ही काही लिहीत नाही, तुम्ही फक्त एवढ्यावर सही करा." कागद टाइप करून तयार होता: स्थानिक पालक या नात्याने मी माझ्या पाल्यास घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काढून घेत आहे. मला वाटलं, केवढे उपकार करतायत. मी सही केली. आभार मानले. चहाही प्यायले.

मुंजाबा पायरीवर ट्रंक घेऊन बसला होता. बसस्टँडपर्यंत आम्ही पायी गेलो, ट्रंकेची एक कडी त्याच्या हातात आणि एक माझ्या. सिल्लोडच्या गाडीत बसल्यावर खिडकीतून त्याने विचारलं,

"मावशी, तू वाचून सही केली का?"

"व्हय."

"बरं."

गाडी गेली. तो घरी पोचलाच नाही. चार महिन्यांनी कळलं, पैठण रोडवरच्या चितेगावला एका कंपनीत हेल्पर लागलाय. बद्रीनाथ गेले तेव्हा आला, खांदा दिला, आणि पाण्याचा घोटही न घेता गेला. आठ वर्षांत तेवढंच दर्शन.

कलम ५. बहीण सरूबाई हीस माझी चांदीची जोडवी व दोन इरकली लुगडी. ती दर संक्रांतीला मला म्हणते, "मनूबाई, बरं झाकलंस तू. नाहीतर गावात तोंड काळं झालं असतं." पोराचं नाव काढत नाही. मीही काढलं नाही. आम्ही दोघी तीळगूळ घेतो आणि ती संध्याकाळच्या गाडीने परत जाते. तिच्यावर माझा राग नाही. मी तिच्याहून चार यत्ता जास्त शिकलेली, तरी मला तेव्हा काय कळलं?

कलम ६. ह्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून ॲडव्होकेट कडुबा मगरे यांना नेमते. ह्यांचं मी जुनं देणं लागते, पैशाचं नाही. सन १९८४ मध्ये लॉ कॉलेजात शिकत असताना ते माझ्या दारावरची "खोली भाड्याने देणे आहे" ही पाटी वाचून आले. मी आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "खोली दिली गेली." ते वरच्या उघड्या, रिकाम्या खोलीकडं बघून निघून गेले. नामांतराचे दिवस, गावाकडं घरं जळालेली, आणि मी मात्र देवपूजा करून शांतपणे खोटं बोललेली. पती वारल्यावर त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कामाला त्यांच्या युनियनने जो वकील दिला, तो नेमका हाच. मला बघून म्हणाले, "पदमपुऱ्याच्या काकू ना तुम्ही? ती खोली अजून दिलेलीच आहे का?" मी मान खाली घातली. त्यांनी फंड मिळवून दिला, फी सांगितली तेवढीच घेतली. गेल्या वर्षी चौदा जानेवारीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तर हे पेढे घेऊन दारात. "काकू, खोली नाही दिली, पेढा तरी घ्या." मी त्यांना आत बसवलं आणि माझ्याच कपबशीत चहा दिला. दहा वर्षं उशिरा दिला, हे इथं लिहून ठेवते.

त्या दिवशी पहिल्यांदा मी मुंजाबाची गोष्ट दुसऱ्या माणसाला सांगितली. विचारलं, "कडुबा, ह्याला काही कायदा आहे का?"

त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "जातीवरून हाकललं असतं तर उद्याच नोटीस धाडली असती. आमच्यासाठी घटनेत कलम आहे, तरी तुमच्या दारातून परत गेलो. ह्या पोरांसाठी कलमच नाही. जे एक आहे, तीनशे सत्याहत्तर, ते पोलिसांच्या हातातलं आहे."

"म्हणजे कॉलेजनं केलं ते बरोबर?"

"काकू, कागदावर कॉलेजनं काही केलंच नाही. पोराला तुम्ही काढून नेलंय. स्वखुशीने."

हे मला सात वर्षं कळलं नव्हतं. मी समजत होते की सही करून त्याची अब्रू वाचवली. त्या सहीनं त्याच्यावर अन्याय झाल्याचा पुरावाच मी पुसून टाकला. उद्या ह्या पोरांच्या बाजूने कायदा झाला, आणि होईल असं कडुबा म्हणतात, तरी मुंजाबाला दाखवायला काही नाही. देवाला मी ह्याबद्दल कौल लावला नाही. उत्तर माहीत असताना देवाला त्रास कशाला?

कलम ७. पदमपुऱ्यातील घर. प्लॉट माझ्या पाटल्या मोडून घेतला, घरपट्टीवर माझेच नाव आहे, म्हणून देण्याचा हक्क माझा. तळमजल्याच्या दोन खोल्या, न्हाणीघर व मागचे अंगण मुंजाबाला पूर्ण मालकीने देते. तिथे त्याच्यासोबत कोण राहते, का राहते, हे विचारण्याचा हक्क सांडूला नाही, सरूबाईला नाही आणि गल्लीलाही नाही.

वरच्या दोन खोल्या बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी, मुलगा असो की मुलगी, परवडेल अशा भाड्याने ठेवाव्यात. त्यांना पुढील नियम लागू राहील. तो मी तीनदा लिहिला आणि कडुबांनी तीनदा तपासला:

कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या जातीवरून, धर्मावरून, किंवा त्याचा जीव कोणावर जडला आहे, मुलीचा मुलावर, मुलाचा मुलावर की मुलीचा मुलीवर, ह्या कारणावरून खोली नाकारू नये, खोलीतून काढू नये, आणि त्याची वही, पेटी, गादी तपासू नये. दारू, मारामारी, दुसऱ्याला त्रास, अशा कारणाने काढायची वेळ आली तर कारण लिहून द्यावे आणि त्याचे म्हणणे आधी ऐकावे. काढल्यास "काढले" असेच लिहावे. तो आपणहून गेला, असे त्याच्याकडून किंवा त्याच्या माणसाकडून लिहून घेऊ नये.

कडुबा म्हणाले, "काकू, घराचा नियम घराबाहेर चालत नाही हां."

"घरात चालतो ना?"

"घरात चालतो."

"मग राहू द्या."

मालनबाईला साक्षीसाठी विचारलं तेव्हा हा नियम वाचून दाखवला. सही कशावर करतोय ते माणसाला कळलं पाहिजे. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अगं बाई, असल्या पोरांना घर देती? गल्ली काय म्हणंल?"

"गल्ली मला आजारात भाकरी आणून देते का?"

"मी देते की!"

"मग तू कर सही."

"लई डोकं आहे तुला," म्हणाली, आणि अंगठ्यासाठी शाईची डबी तयार ठेवायला सांगितली. सही येत नाही तिला. नियम तिला पटला की नाही ते माहीत नाही. पण जाताना दारातून म्हणाली, "तुझं ते पोरगं जेवायला येईल तेव्हा सांग. पातेलं माझ्याकडं आहे."

कलम ८. मुंजाबाने घर नाकारले तर त्याला जबरदस्ती करू नये. तेव्हा पूर्ण घर वरच्या नियमासह विद्यार्थ्यांसाठी ठेवावे व कारभार कडुबांनी पाहावा.

कलम ९. हे कलम नमुन्यात नव्हते, आणि ह्याच्यासाठीच बाकी सारे लिहायला बसले. गेल्या दिवाळीत कडुबा कामगारांच्या एका केसला चितेगावला गेले होते, तिथे त्यांना मुंजाबा भेटला. मशीनवर आहे, एका खोलीत एकटा राहतो. दोनदा डिप्लोमा पुरा करायला गेला. दोन्ही ठिकाणी विचारलं, घरच्यांनी मधेच का काढलं? अडचण कसली? तो खोटं बोलला नाही आणि खरं बोलता आलं नाही, म्हणून परत आला. कडुबांना म्हणाला, "वकीलसाहेब, कोणाशी भांडायचं नव्हतं मला. शिकायचं होतं, एवढंच."

मी ह्या मृत्युपत्रात लिहिणार होते की ती सही दबावाखाली झाली, मुलाची वर्तणूक चांगली होती, तो गेला नाही तर त्याला घालवलं. कडुबांनी वाचून पेन खाली ठेवलं. "काकू, मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात."

माझी आई नव्वद वर्षं जगली. आमच्यात बायका लवकर मरत नाहीत. मी तेवढी टिकले तर हा कागद उघडेल तेव्हा मुंजाबा त्रेसष्ट वर्षांचा असेल. त्याला कोणतं कॉलेज घेणार?

म्हणून ते म्हणणे मी ह्यातून काढले आणि त्याचे वेगळे प्रतिज्ञापत्र केले. काल कोर्टात जाऊन शपथेवर सही केली. वसतिगृह, तारीख, टाइप केलेला कागद, माझा चहा, सगळं आहे त्यात. कारण काय दिलं गेलं, हे मुंजाबाच्या संमतीशिवाय उघड करू नये, म्हणून ती ओळ कोरी ठेवली आहे. लिहायची की नाही ते त्याने ठरवावे; कलम ४ मधले त्याला नको असेल तर हे मृत्युपत्रही मी नवे करीन. कडुबा म्हणतात, हा कागद जोडला तर प्रवेशासाठी पुन्हा अर्ज करता येईल. मिळेलच असं नाही, पण अर्ज करता येईल.

उद्या रविवार, त्याची सुट्टी. सकाळच्या पैठण गाडीने मी चितेगावला जाणार आहे. त्याने दार उघडले नाही तर कागद दाराखालून सरकवून पुढच्या गाडीने परत येईन, आणि हे मृत्युपत्र जसेच्या तसे कायम राहील.

दार उघडले, तर कलम ७ साठी कोणी माझ्या मरणाची वाट पाहू नये. तळमजल्याची मागची खोली मी आजच झाडून, सारवून, बाज टाकून मोकळी केली आहे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: पदमपुरा, औरंगाबाद
दिनांक: ११ फेब्रुवारी १९९५, शनिवार

सही: मनकर्णाबाई भ्र. बद्रीनाथ फरकाडे

साक्षीदार:
१. मालनबाई भ्र. कचरू शेजूळ, शेजारीण. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.
२. केरबा विठोबा गोरे, निवृत्त पोस्टमन, पदमपुरा. सही.