काळ्या मातीचे पाय

बाबा, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांत यंदा माझं नाव होतं. आता बायांनाही घेतात. चर्चच्या फळ्यावर नाव वाचलं आणि आधी तुमचेच पाय आठवले, काळ्या मातीत लडबडलेले.

मी तेव्हा दहा वर्षांची असेन, अमरावतीला, मिशनच्या शाळेत. त्या वर्षी बारा जणांत तुमचं नाव होतं. बाकीचे अकरा जण घरून अंघोळ करून, टाचा घासून, कोऱ्या मोज्यांत आलेले. आणि तुम्ही, मिशनच्या कबरी खोदणारे, थेट कबरस्तानातून! मिशनच्या आश्रमातला एक म्हातारा सकाळी वारला होता, मागंपुढं कोणी नाही. उन्हानं दगड झालेल्या जमिनीत तुम्ही एकट्यानं टिकाव मारून त्याची कबर खोदली, त्याला माती दिली आणि तसेच येऊन रांगेत बसलात. फादरनी पायांवर पाणी ओतलं, तर परातीत नुसता चिखल. त्यांनी दुसरा तांब्या मागवला, तशा मागच्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. शेजारचीनं विचारलं, "हे तुये बाबा हायेत ना वं?" मी मान हलवली, नाही म्हणून. आणि घरी आल्यावर वर तुमच्यावरच ओरडले, "धुऊन काहून नाही आले तुमी? माही इज्जत गेली!" तुम्ही भाकर मोडत होता. रागावला नाहीत. "धुतलेले पाय नेले असते, त फादरनं काय धुतलं असतं वं माय?" एवढंच म्हणालात आणि माझं ताट पुढं ओढून त्यात वरण वाढलंत.

आता मी अकोल्यात मिशनच्याच दवाखान्यात नर्स आहे. साखरेच्या आजारानं सडलेले पाय रोज मांडीवर घेते, धुते, पट्टी करते. एखादी नवी पोरगी नाक दाबायला लागली की तिला ऐकवते, "माह्या बापानं बड्या फादरची कबर जेवढी खोल खोदली, तेवढीच त्या बेवारशी म्हाताऱ्याची. बोटभर कमी नाही!" हे सांगताना माझी मान अशी ताठ होते की विचारू नका. चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत फादर पवित्र भाकर वर उचलतात तेव्हा मी मनापासून गुडघे टेकते. पण देव मी पहिल्यांदा पाहिला तो त्या परातीतल्या चिखलात, आणि तेव्हा मला त्याची लाज वाटली होती.

तुम्ही तर गेलात, हे पत्र टाकणार तरी कुठं? म्हणून हेही लिहून टाकते. यंदा ड्यूटीवरून थेट चर्चला जायचं ठरवलं होतं, तुमच्यासारखं. दिवसभर दवाखान्याच्या जुन्या चपलांत राबलेले पाय घेऊन. निघाले, आणि अर्ध्या वाटेतून ऑटो घराकडे वळवला. न्हाणीत दगडानं टाचा घासल्या. पावडरसुद्धा लावली, सांगते ना! फादर माझ्यापुढे गुडघ्यांवर बसले, माझा पाय हातात घेतला, आणि त्यावर धुण्यासारखं काहीच नव्हतं. मला रडू फुटलं. बायांना वाटलं, भक्तीनं रडते आहे. मी वाटू दिलं.